थंडीतील धाव व न कोमेजणारा मुकुट

शास्त्रपाठ : करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय 9, वचने 24 ते 27.



प्रेषित पौल करिंथ नगरात दीड वर्ष राहिला, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायावरून आपणांस ठाऊक आहे. त्या नगराजवळ, दोन समुद्रांमधील चिंचोळ्या भूमीवर, दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत असत. दूरदूरचे लोक ते पाहावयास येत, आणि जिंकणाऱ्याच्या मस्तकावर पानांचा एक मुकुट ठेवण्यात येई. तो मुकुट चार दिवसांत सुकून जाई. त्याच नगरात तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलाने पुढे तेथील मंडळीस पत्र लिहिले, तेव्हा धावणाऱ्याचा दृष्टांत त्याच्या लेखणीत सहज आला. एवढ्याशा पानांसाठी हे लोक खाण्यापिण्यात, निजण्याउठण्यात आपणांस किती आवरून धरतात, तर ज्यांच्यापुढे अविनाशी मुकुट आहे त्यांनी कसे वागावे, असा त्याच्या बोलण्याचा रोख आहे.

हा पाठ आम्ही या हंगामात मुद्दाम निवडला आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी होऊन पुंजणी मोडू लागली, मळणी आटोपत आली, की थंडीचा कडाका पडतो. वैनगंगेच्या काठी सकाळी उशिरापर्यंत धुके हटत नाही. अशा वेळी कोंबडा आरवण्याच्या सुमारास भंडारा शहरातील मैदानावर, लाखनी व साकोलीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 च्या कडेने, तुमसर व पवनीच्या रस्त्यांवर आणि खेड्यापाड्यांतील मामा तलावांच्या पाळीवर धावणाऱ्या पावलांचा आवाज ऐकू येतो. आमच्या मंडळ्यांतील तरुण मुले व मुलीही त्यांत आहेत.

या धावणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग भरतीसाठी धावणाऱ्यांचा. पोलीस शिपायाच्या भरतीत पुरुषांस 1600 मीटर व स्त्रियांस 800 मीटर धावून दाखवावे लागते. सैन्याच्या भरतीतही 1600 मीटरांची धाव असते. दुसरा वर्ग हौसेने धावणाऱ्यांचा. त्यांत शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, परिचारिका आहेत, बँकेतील कारकून आहेत. कोणास मधुमेहाच्या भयाने वैद्याने घराबाहेर काढले, तर कोणास मित्राने ओढून नेले. मुंबईस जानेवारी महिन्यात मोठी मॅरेथॉन शर्यत भरते, तीत 42.195 किलोमीटर धावावे लागते. हौशी मंडळींपैकी एखादा तेथवर जातो. बाकीचे कोणत्याही शर्यतीत नाव न घालता रोज धावतात आणि घरी येऊन आपापल्या कामास लागतात.

आता जो प्रश्न आम्हांस पुष्कळ घरांतून विचारण्यात येतो, तो हा. भरतीच्या जागा थोड्या आणि धावणारे पुष्कळ. मुलगा दोन वर्षे, तीन वर्षे पहाटे उठून धावला. आईने त्याच्यासाठी रात्रीच चणे भिजत घातले, बापाने धान विकून त्यास बूट घेऊन दिले. शेवटी यादी लागली, आणि तीत त्याचे नाव नाही. काही दिवसांनी वयोमर्यादाही उलटते. मग घरात कोणी बोलत नाही, आणि बूट आढ्याच्या खुंटीला लटकून राहतात. त्याची ती सर्व धाव व्यर्थ गेली काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी धावण्याचा अभ्यास म्हणजे काय हे नीट पाहिले पाहिजे; कारण उत्तर त्या अभ्यासातच आहे.

पहिली गोष्ट ही, की धावण्याचे सामर्थ्य रोजच्या थोड्या थोड्या श्रमाने येते. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात कोणी कितीही धावला, तरी त्यास ते मिळत नाही. रोज सावकाश धावणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात पूर्वीपेक्षा अधिक रक्त ढकलू लागते. स्नायूंमध्ये रक्ताच्या बारीक बारीक नव्या वाहिन्या फुटतात. जो चढ पूर्वी दम काढीत असे तो बोलत बोलत चढता येतो. हे बदल डोळ्यांस दिसत नाहीत व एका दिवसात होत नाहीत. शेतकऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. आज टाकलेले पऱ्हे उद्या लोंबी धरीत नाही, हे तो जाणतो. आणि धावणे थांबले, की दोन-तीन आठवड्यांतच कमावलेले ओसरू लागते. मागल्या वर्षीच्या धावेवर यंदाचा दम टिकत नाही.

आमच्या मंडळ्यांत असे पुष्कळ आहेत, की ज्यांची भक्ती नाताळात दिसते व शुभ शुक्रवारी दिसते, आणि मधल्या दिवसांत शोधूनही सापडत नाही. ते शर्यतीच्याच दिवशी मैदानात उतरणाऱ्या धावकासारखे आहेत. मग घरात दुखणे आले, पीक बुडाले, भाऊबंदकीचा दावा लागला, म्हणजे ते म्हणतात, प्रार्थना करावयास बसलो तर शब्दच सुचत नाहीत. शब्द कोठून सुचतील? जो पहाटेस पाव तास देवासमोर बसावयास शिकला, त्याला संकटाच्या रात्री वाट अनोळखी वाटत नाही.

दुसरी गोष्ट थंडीविषयी. पावसाळ्याच्या अखेरीस धावू लागलेल्यांपैकी बरेच जण पौष महिना येईपर्यंत गळतात. गोधडी सोडवत नाही, आणि अंधार असतो. जे टिकतात त्यांस आम्ही विचारले, तर त्यांनी सांगितले की कठीण असे पहिले शंभर पावलेच असतात. यात शरीराचा नियमही आहे. थंडीत स्नायू ताठर असतात, त्यांस एकदम ताण दिला तर लचक भरते. म्हणून जाणते धावक आधी दहा मिनिटे चालतात, हातपाय मोकळे करतात, मग हळूहळू वेग धरतात. थंडीत तहान लागत नाही, पण अंगातील पाणी घामाने व श्वासाने जातच असते. म्हणून तहान नसतानाही पाणी प्यावे. धाव संपताच ओले कपडे बदलून कोरडे घालावे. जेथे पालापाचोळा वा पेंढा जाळून धूर जमिनीलगत साचला असेल, तेथे धावू नये. महामार्गावर तर धावूच नये. गत्यंतरच नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, अंगावर पांढरा वा चमकणारा कपडा घालून जावे, कारण धुक्यात ट्रक चालविणाऱ्यास काळा सदरा दिसत नाही. तलावाची पाळ किंवा शाळेचे मैदान त्याहून फार बरे. ज्यांस रक्तदाब वा हृदयाचा विकार आहे, त्यांनी सूर्य वर आल्यावर बाहेर पडावे.

येथे एक गोष्ट विशेष कळकळीने सांगावयाची आहे. आमच्या विदर्भात सिकलसेल नावाचा रक्ताचा विकार पुष्कळ कुटुंबांत आहे. ज्यांस तो आजार आहे, त्यांस कडक थंडी, अंगातील पाणी कमी होणे व अतिश्रम या तिन्हींपासून अपाय होतो, आणि असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. तरी आईबापांनो, मुलास भरतीच्या धावेस लावण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात त्याचे रक्त तपासून घ्या, आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे वागा. या तपासणीत लाज वाटण्याजोगे काही नाही. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे असे पौलाने याच पत्राच्या सहाव्या अध्यायात शिकविले. मंदिराची भिंत कोठे नाजूक आहे हे जाणून घेणे हा त्याच्या सेवेचाच भाग होय.

आत्म्यालाही थंडीचे दिवस येतात. उपासनेत मन लागत नाही, स्तोत्रे ओठांवर येतात पण हृदयास पोचत नाहीत. अशा वेळी पुष्कळ जण समजतात, की आपला विश्वास मेला. आणि ते गोधडी पांघरून पडून राहतात. त्यांनी धावकापासून शिकावे. आधी नुसते चालावे. एक लहानसे स्तोत्र वाचावे, एका शेजाऱ्याची विचारपूस करावी, आणि ऊब आल्याशिवाय स्वतःवर रागावू नये.

तिसरी गोष्ट विसाव्याची. उतावळा तरुण रोज जीव तोडून धावतो, आणि महिन्याभरात त्याची नडगी दुखू लागते. जाणते शिक्षक सांगतात, की आठवड्यातील बहुतेक धाव सोबत्याशी बोलता येईल इतकी सावकाश असावी, एक-दोन दिवसच वेगाची असावी, आणि एक दिवस अगदी विसाव्याचा असावा. श्रमाने स्नायूंची झीज होते व विसाव्यात ते अधिक बळकट होऊन भरून येतात; ज्याने विसावा चोरला त्याने आपलेच बळ चोरले. सहा दिवस काम व सातव्या दिवशी विसावा अशी व्यवस्था ज्याने घालून दिली, त्यानेच हे स्नायू घडविले आहेत, हे लक्षात आणावे.

परंतु हौशी धावकांची लांब धाव बहुधा रविवारीच असते, आणि शर्यतीही रविवारीच भरतात. मग ख्रिस्ती मनुष्याने काय करावे, असे तरुण आम्हांस विचारतात. या ठिकाणी एरिक लिडेल यांचे चरित्र आठवते. त्यांचा जन्म 1902 साली चीनमध्ये स्कॉटिश मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. पॅरिस येथे 1924 साली ऑलिंपिक खेळ भरले, तेव्हा 100 मीटरांच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आहेत असे कळल्यावर त्यांनी त्या शर्यतीतून नाव काढून घेतले. आणि हे काही महिने आधीच कळले असल्यामुळे 400 मीटरांसाठी चिकाटीने अभ्यास केला. त्या शर्यतीत ते 47.6 सेकंदांत पहिले आले. पुढच्याच वर्षी ते सुवार्तेच्या व शिक्षणाच्या कार्यासाठी चीनमध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांस वेइशिएन येथील छावणीत स्थानबद्ध केले, तेथे ते कोंडलेल्या मुलांस शिकवीत व त्यांचे खेळ चालवीत. रविवारी मुले आपापसांत खेळून भांडू लागली, तेव्हा ज्या मनुष्याने रविवारसाठी ऑलिंपिकची शर्यत सोडली होती, तोच त्या मुलांसाठी रविवारी पंच म्हणून उभा राहिला. त्याच छावणीत 21 फेब्रुवारी 1945 रोजी मेंदूतील गाठीमुळे त्यांचा अंत झाला.

आम्ही कोणाच्या गळ्यात नवे जू घालीत नाही. परंतु लिडेल यांस आपला स्वामी कोण हे ठाऊक होते, म्हणून शर्यत सोडतानाही व पंच होतानाही त्यांचे मन डळमळले नाही. ज्या तरुणास रविवारी धावावयाचे आहे, त्याने स्वतःस एवढेच विचारावे : माझ्या धावेला माझा देव आज्ञा करतो, की माझ्या देवाला माझी धाव? भंडाऱ्यास पहाटे पाचला धावून नवाच्या उपासनेस स्नान करून बसणे अशक्य नाही. आणि मंडळीच्या पंचांनीही अशा तरुणास दाराशी अडवून टोचून बोलू नये.

चौथी गोष्ट सोबतीची. हौशी धावकांच्या मेळ्यात एक चांगली रीत आहे. पुढे गेलेले वळून मागे येतात आणि सर्वांत मागे राहिलेल्यास बरोबर घेऊन जातात. त्यायोगे पुढच्याचे अंतर वाढते व मागच्याचा धीर वाढतो. अंधारात एकट्या मुलीस धावावयास पाठविण्याचे आईबापांस भय वाटते, आणि ते भय खोटे नाही. पण त्यावर उपाय मुलीस घरी बसविणे हा नव्हे. चार मुली मिळून धावू लागल्या, एक काकू वा मावशी पाळीवर चालावयास आली, एक भाऊ सायकलीवर मागे राहिला, तर ते भय पुष्कळ कमी होते. सातारा जिल्ह्यातील मोही या खेड्यातील ललिता बाबर हिने 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली व दहावी आली. तीही माणदेशाच्या दुष्काळी भागातील शेतकऱ्याचीच मुलगी. काही वडीलधारे म्हणतात, आम्ही रोवणी केली, मोळ्या वाहिल्या, आम्हांला धावण्याची कधी गरज पडली नाही. खरे आहे. परंतु आता शाळेस जावयास मोटारसायकल आहे व मळणीस यंत्र आहे. तुमच्या अंगास जे श्रम शेताने दिले ते मुलांच्या अंगास दुसरीकडून मिळाले पाहिजेत. पौलानेही तीमथ्यास लिहिताना शरीराच्या कसरतीस निरुपयोगी म्हटले नाही. तिचा लाभ मर्यादित आहे, व भक्तीचा लाभ या व पुढल्या अशा दोन्ही जीवनांस पुरतो, एवढेच कळविले.

आता त्या मूळ प्रश्नाकडे वळू. यादीत नाव न लागलेल्याची धाव व्यर्थ गेली काय?

बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांचे उदाहरण घ्या. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या खेळांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा चकित झाले, आणि 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिक खेळांस हिंदुस्थानातून खेळाडू पाठविण्यात आले. चौगुले त्यांत होते. थंड, पावसाळी हवेत 42.75 किलोमीटरांची ती मॅरेथॉन त्यांनी 2 तास 50 मिनिटांहून थोड्या अधिक वेळात पुरी केली व ते एकोणिसावे आले. मुकुट त्यांस मिळाला नाही. तरी शंभर वर्षांनंतर आम्ही त्यांचे नाव आदराने घेतो, कारण परक्या देशात, परक्या थंडीत ते शेवटच्या रेषेपर्यंत पोचले. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे सैन्यात भरती झाला, सियाचिनच्या बर्फात त्याने पहारा केला, आणि 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल खेळांत 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याचे सुवर्णपदक एका सेकंदाच्या विसाव्या भागाने हुकले. मनुष्याच्या घड्याळावर पहिल्यात व दुसऱ्यात एवढेच अंतर असते. अशा अंतरावर आपल्या मुलाची किंमत ठरविणारे आपण कोण?

मुलाचे नाव यादीत लागले नाही, हे दुःख खरे आहे. त्याला हलके लेखून कोणी उपदेश करू नये. घरातील आशा गेली, कर्जाचा बोजा राहिला, आणि गावात तोंड दाखविणे जड झाले, हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून त्या तरुणास आम्ही असे सांगतो. बाळा, जागा गेली. पण पहाटे उठावयास शिकलेले शरीर यादीबरोबर गेले नाही. व्यसनाला नाही म्हणण्याची जी सवय तू धावेसाठी लावून घेतलीस, ती तुझ्यापाशीच आहे. दम लागला असता आणखी एक फेरी घेण्याचे जे बळ तुला आले, ते शेतात, दुकानात, संसारात व आजाऱ्याच्या उशाशी जागताना कामी येणार आहे. यादी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र बूट खुंटीला लावू नकोस. तो बँकेतील कारकून व ती परिचारिका पाहा. त्यांस धावण्याबद्दल कोणी नोकरी देणार नाही, पदकही देणार नाही. तरी ती दोघे कडाक्याच्या थंडीत आनंदाने धावतात. तू त्यांच्यात जा. आणि गावातील जी लहान मुले पुढल्या भरतीची स्वप्ने पाहत आहेत, त्यांस ऊब कशी आणावी, विसावा कसा घ्यावा, हे तुझ्याइतके चांगले कोण शिकवील?

आणि आईबापांनो, मुलगा घरी रिकाम्या हातांनी आला म्हणून त्याच्या ताटातील भाकरी मोजू नका. देव आपल्या लेकरांस निवड-यादी पाहून जवळ घेत नाही. करिंथच्या शर्यतीत मुकुट एकालाच मिळे, हे पौल जाणून होता. पण ज्या मुकुटाविषयी तो बोलत होता, तो मिळण्यासाठी दुसऱ्यास हरवावे लागत नाही. तीमथ्याच्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, मरण समोर दिसत असता, त्याने आपली धाव पुरी झाल्याचे समाधानाने लिहिले, आणि तो मुकुट आपल्याबरोबर प्रभूच्या येण्याची प्रीतीने वाट पाहणाऱ्या सर्वांसाठी ठेवला आहे असेही कळविले. तो मुकुट वेगासाठी नाही, टिकून राहिलेल्या विश्वासूपणासाठी आहे. साठ वर्षांची विधवा, जी काठी टेकीत दर रविवारी उपासनेस येते, तीही त्या शर्यतीत आहे.

तरी प्रत्येक मंडळीने या हिवाळ्यात दोन गोष्टी कराव्या असे आम्ही सुचवितो. एक, आपल्या गावात कोण मुले-मुली पहाटे धावतात याची पाळकाने व पंचांनी विचारपूस करावी, आणि त्यांच्या सोबतीची, वाटेतील उजेडाची व रक्ततपासणीची व्यवस्था लावण्यास हातभार लावावा. दुसरी, ज्या घरात गेल्या दोन-तीन वर्षांत भरतीची निराशा आली असेल, त्या घरी जाऊन चहा घ्यावा, बसावे, व भरतीचा विषय काढण्यापूर्वी मुलाचे नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करावी.

हे दयाळू पित्या, आमच्या लेकरांची पावले तू सांभाळ. अंधारात धावणाऱ्यांस वाटेवरील संकटांपासून राख. जे मागे पडले त्यांच्यासाठी वळून येणारे सोबती त्यांस दे, आणि ज्यांचे नाव मनुष्यांच्या यादीत लागले नाही त्यांस आपले नाव तुझ्यापाशी लिहिलेले आहे याची खातरी पटू दे. रोजची आमची लहानशी निष्ठा तू स्वीकार, आणि धाव पुरी होईपर्यंत आम्हांस धरून ठेव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.